‘सायलेन्सिंग’ला ‘मूक’ म्हणावं की ‘गप्प’?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे):
लेक आमच्या मंडळात मूलपेशींवर (ज्यांपासून वेगवेगळ्या पेशी घडतात त्या) मराठीतून बोलणार आहे. ‘जीन सायलेन्सिंग’ला, म्हणजे पेशीनं एखादं जनुक बंद ठेवण्याला, तिनं ‘जनुक मूक करणे’ लिहिलंय. मला ते खुपतंय. घरात १९३१चा सयाजी शासनशब्दकल्पतरू आहे, पण त्यात कारभाराचे शब्द. पेशीतले कुठून असणार?

उत्तर:
ताई, खुपतंय ते बरोबरच आहे. मुका म्हणजे ज्याला वाचा नाही. गप्प म्हणजे वाचा असून आत्ता न बोलणारा. मूलपेशीतली ही जनुकं दुसऱ्या जातीची. त्यांच्यावर गप्प राहण्याची खूण असते, आणि पुष्कळांवर बोलण्याचीही. पेशी मज्जापेशी व्हायला निघाली की तिला लागणारी बोलू लागतात, बाकीची आणखी घट्ट मिटतात.

जनुकांना गप्प ठेवणाऱ्या प्रथिनांचं ‘पॉलिकोंब’ (पुष्कळ फण्या) हे नावही सांगा तिला. फळमाशीच्या नराला फक्त पुढच्या दोन पायांवर फणीसारखे केस असतात. पॉलिकोंबच्या जनुकात बिघाड झाला की मागच्या पायांवरही फण्या उगवतात. तिथे गप्प राहायची ती जनुकं बोलली, म्हणून!

दुसऱ्या वाचकाचं उत्तर:
‘मौन’ का नको? भारदस्त आहे.

उत्तर:
मौन आपण होऊन धरतात. इथे बसवणारा वेगळा आहे. प्रथिनांचा एक गट हिस्टोन एच३ या, डीएनए ज्याभोवती गुंडाळतो अशा प्रथिनातल्या २७व्या जागेवरच्या लायसिन या घटकावर मिथिलचे तीन रासायनिक तुकडे चिकटवतो, दुसरा ती खूण ओळखून तिथे ठाण मांडतो. म्हणून ‘गप्प बसवणे’च. शेजारच्या गुजराती काकी रडत्या पोराला ‘छानो रहे’ म्हणतात. पोर पुन्हा बोलणार हे त्यात धरलेलंच असतं.

प्रश्न:
आणि ‘जीनोम ऑर्गनायझेशन’, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए कसा ठेवलेला असतो ते? ‘रचना’ चालेल?

उत्तर:
‘मांडणी’ घ्या. दोनेक मीटर डीएनए काही मायक्रॉनच्या केंद्रकात मावतो, म्हणजे घडी आहेच. पण इथे खरा प्रश्न कोण कोणाशेजारी, हा. उंदराच्या भ्रूण-मूलपेशीत हॉक्स जनुकांचे (शरीराचा कुठला भाग कुठे घडावा हे ठरवणाऱ्या) चार समूह चार वेगळ्या गुणसूत्रांवर, तरी पॉलिकोंब त्यांना एकमेकांजवळ आणतात. ठाण मांडणारा गट काढून टाकला की ही जवळीक विस्कटते. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर कुठला डबा कुठल्या डब्याला लागून, तसंच हे.

ताई:
‘जनुकांना गप्प बसवणारी प्रथिनं आणि जनुकसंचाची मांडणी’ असं लिहून दिलं. ‘गप्प’ तिला लगेच पटलं. ‘जनुकसंच’ खोडून मात्र तिनं ‘जीनोम’च ठेवलंय.