सात महिन्यांचा 'मिनी' गोल्डनडूडल, पाय वाढायचे थांबतच नाहीत!

बुंदीची_आई
नमस्कार मंडळी. आमचा बुंदी (नाव ठेवलं तेव्हा मुठीएवढा होता हो) परवा 7 महिन्यांचा झाला. आई गोल्डन रिट्रीव्हर, बाप मिनिएचर पूडल, घेताना सांगितलेलं की फार तर 12 किलो होईल. आज काट्यावर 17 भरला आणि थांबायचं नाव नाही. पण वजनाचं एक वेळ जाऊ दे, मला त्याच्या ठेवणीचंच टेन्शन आलंय. पाय नुसते लांबच लांब, छाती चिंचोळी, मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच, पळताना असं वाटतं मागचा अर्धा कुत्रा पुढच्या अर्ध्याला ओव्हरटेक करणार. फोटोत ते टेडीबेअर दिसतात तसा कुठल्याच बाजूनं दिसत नाही. व्हेट म्हणाले ठणठणीत आहे. घरी मात्र रोज भांडण, सासूबाई म्हणतात पोर वाळलंय आणि मी म्हणते सुटलंय. तुमच्याकडे असं कुणाचं झालंय का?

काडीपैलवान
आधी ते 12 किलोचं गणित बघू. गोल्डनची मादी साधारण 25 ते 29 किलो, मिनिएचर पूडल 5 ते 7. या दोघांच्या मधोमध म्हणजे 15 ते 18 किलो, आणि पहिल्या पिढीची पिल्लं, ज्याला एफ-वन म्हणतात, बरीचशी तिथेच आसपास येतात. त्यामुळे 12 सांगणाऱ्यानं गोल्डनला हिशोबातच धरलं नाही. बुंदी अजून वाढतोय, 20च्या आसपास थांबला तर नवल वाटून घेऊ नका.

गंमत पुढच्या पिढीत होते. दोन्हीकडून मिक्सच असले, म्हणजे एफ-टू, तर एकाच वेतातली भावंडं एकमेकांच्या दीडपट दुप्पट होऊ शकतात. कुत्र्याचं आकारमान बऱ्याच अंशी मोजक्याच जीन्सवर ठरतं, त्यातला आयजीएफ-वन नावाचा एक 2007 साली सापडला, लहान चणीच्या जातींमध्ये त्याचा ठराविक प्रकार असतो. आता कुणाच्या वाट्याला काय येईल हे पत्ते पिसल्यासारखं आहे, आणि उंची एका पत्त्यावर तर पायांची ठेवण दुसऱ्याच. खाण तशी माती खरी पण इथे खाणी दोन आहेत ना.

आणि 'मिनी' शब्दावर जाऊ नका. कुत्र्यांच्या जातींची मापं ठरवणाऱ्या संस्था असतात, त्यातल्या अमेरिकन केनेल क्लबच्या नियमात मिनिएचर पूडल खांद्यापाशी 38 सेंमीपर्यंत चालतो, युरोपातल्या एफसीआयच्या नियमात 35च्या वर गेला की तोच कुत्रा मीडियम होतो. शुद्ध पूडलचीच ही तऱ्हा. मिक्सला तर असा कुठला नियमच नाही, विकणारा म्हणेल ते माप.

झिपऱ्या
टेडीबेअर हा आकार नसून कटिंग आहे :) ग्रूमरनं पायांवर केस ठेवून गोल कापले की पाय आखूड दिसतात, तोंडाभोवती गोल ठेवले की डोकं मोठं दिसतं. आमच्या बयेला एकदा गाठी झाल्या म्हणून पूर्ण उतरवावे लागले, घरी आली ती हरीण होऊन. शेजारच्यांनी विचारलं दुसरी आणलीत का.

पूडल मुळात चौकोनी बांध्याचा, छातीच्या हाडापासून ढुंगणापर्यंतची लांबी आणि खांद्यापर्यंतची उंची जवळपास सारखी. गोल्डन किंचित लांबट, लांबी 12 तर उंची 11. त्यामुळे बुंदीचे पाय लांब वाटणं त्याच्या घराण्यातलंच आहे. छाती सगळ्यात शेवटी भरते, दीड वर्ष तरी धरून चाला. मागची बाजू वर असणं पण या वयात नेहमीचं. नसबंदी झालीय का? खूप लवकर केली तर हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्या उशिरा बंद होतात आणि पाय अजून थोडे लांबतात. मोठ्या चणीच्या मिक्सला लोक थांबायला सांगतात ते त्यासाठीच. व्हेटना विचारा.

सोफ्याखालचा
आमचं उलटं झालं म्हणून लिहितोय. आमचा कॅवापू, म्हणजे कॅव्हेलिअर आणि पूडलचा मिक्स, उंची बेताची, पाठ लांब आणि पुढचे पाय किंचित बाहेर वळलेले, सगळे म्हणायचे काय गोड बसकट दिसतो. पाच वर्षांचा असताना एका सकाळी सोफ्यावरून उडी मारली आणि तसाच थरथरत उभा राहिला, मान खाली घालेना. मणक्यातली चकती सरकलेली. नंतर कळलं की आखूड पायांशी संबंधित एफजीएफ-फोर नावाच्या जीनची एक जादा प्रत असते, ती चकत्यांना पण लवकर कडक करते, कॅव्हेलिअर, कॉकर, डॅक्सहुंड यांच्यात बरीच आढळते आणि छोट्या पूडलमध्ये सुद्धा. एकाच पालकाकडून आली तरी धोका वाढतो. डीएनए टेस्ट होते. तो आता बरा आहे, सोफ्याला उतरण लावलीय, गळ्यातला पट्टा जाऊन हार्नेस आला. तर ताई, लांब पायांचं फार मनावर घेऊ नका, आखूड पाय लांब पाठ असती तर मी घाबरवलं असतं.

काडीपैलवान
हो, आणि सासूबाईंच्या भांडणाचं राहिलंच. असल्या केसांच्या कुत्र्याचं नजरेनं काही कळत नाही. बरगड्या चाचपा आणि आपल्याच हाताशी ताडून बघा. मूठ वळून बोटांच्या हाडांवरून हात फिरवा, बरगड्या तशा टोचल्या तर बारीक. आपलाच पंजा उघडून तळव्याकडून बोटांच्या मुळाशी चाचपा, तसं गुबगुबीत लागलं तर जाड. पंजाच्या पाठीवरून हात फिरवल्यावर लागतं तसं हवं. आणि वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे, पण ती ओला करून बघा.

बुंदीची_आई
केलं! आज अंघोळ घातली. केस चपटे झाल्यावर खाली निघाला तो एक लांब तंगड्यांचा, बारीक कंबरेचा पोरगेला कुत्रा, दोघी बाथरूमच्या दारात बघतच राहिलो. बरगड्या पंजाच्या पाठीसारख्याच लागल्या. नसबंदी केली नाहीये अजून, विचारते व्हेटना. सासूबाईंनी पण चाचपून बघितलं, काही बोलल्या नाहीत, पण रात्री वाटीत चमचाभर जास्त वाढताना पकडलं मी त्यांना.