अरीयपग : टेकडी की न्यायसभा?

वसईचा वाचक: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "अरीयपग म्हणजे अथेन्समधली मंगळाची टेकडी. येशूचा प्रेषित पौल तिच्यावर उभा राहून बोलला. विषय संपला." कसा संपला? नावातला देव ग्रीकांचा, युद्धदेव आरेस. मंगळ आला रोमनांच्या मार्समधून. १६११ चं इंग्रजी किंग जेम्स बायबल बघा. त्यात प्रेषितांची कृत्ये १७:२२ मध्ये 'मार्स हिल', आणि तीनच वचनं आधी 'अरिओपागस'! आरेसवर खुनाचा खटला याच खडकावर चालला अशी कथा आहे; पुढे तिथल्या न्यायसभेलाही तेच नाव पडलं. पौल 'अरीयपगाच्या मध्यभागी' उभा राहिला आणि ३३व्या वचनात 'त्यांच्यामधून' निघून गेला. मध्यभागी माणूस सभेच्या उभा राहतो, टेकडीच्या नाही.

जुना खडू: मी त्या खडकावर जाऊन आलोय. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, पाय ठरत नाही. पायथ्याशी पौलाचं भाषण ग्रीकमध्ये कोरलेला धातूचा फलक आहे. तो काय उगाच लावलाय?

वसईचा वाचक: फलक आपल्या काळातला. इ.स.पू. चौथ्या शतकात ही सभा खाली बाजारातल्या स्तोआ बासिलेओस या खांबांच्या ओसरीत बसल्याचा उल्लेख आहे. ग्रीसचं सर्वोच्च न्यायालय आजही अरीयपग हेच नाव लावतं. आणि ३४व्या वचनातला 'दिओनुस्य अरीयपगकर' काय टेकडीवर राहत होता? तो सभेचा सदस्य. आपल्या भाषांतराने त्याला गावकरी करून टाकलं.

मावळतीची: भाषांतराला नावं ठेवू नका! करिंथकर, इफिसकर, फिलिप्पैकर... या '-कर'मुळेच ती माणसं आमच्या घरातली झाली. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण 'थेस्सलनीकाकर' एका दमात म्हणायची. तिला 'न्यायसभासद' शिकवणार होतात?

वसईचा वाचक: आजीबद्दल आदर आहे. पण करिंथ शहर आहे, अरीयपग नाही. तिथे '-कर' चुकीचाच.

मावळतीची: देशपांडे देश पांघरून बसतात का? आडनावातून हुद्दा कळतोच की मराठी माणसाला.

जुना खडू: '-कर'वर किती भांडाल? पौल कुठे उभा होता ते बोला.

मावळतीची: तुम्ही मध्ये पडू नका. आमच्या चर्चमध्ये नवं भाषांतर आलं तेव्हा म्हाताऱ्यांनी वाचन ऐकणंच सोडलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

वसईचा वाचक: बरं, '-कर' राहू द्या, तळटीप तरी द्या. पण टेकडी मी मान्य करणार नाही.

जुना खडू: १९व्या वचनात 'अरीयपगावर' नेलं असं स्पष्ट आहे. 'वर'!

वसईचा वाचक: या 'वर'साठी ग्रीकमध्ये 'एपी' हा शब्द आहे, आणि तोच एखाद्याला अधिकाऱ्यापुढे नेतानाही येतो. पुढचंच पान उलटा, १८:१२ : करिंथात पौलाला न्यायासनापुढे नेलं, तिथेही 'एपी'च.