टॅरोच्या पत्त्यांचे मराठी शब्द: हुकूम, रंग आणि 'उलटं पान'

प्रश्न :
धाकट्या बहिणीला टॅरो (भविष्य बघायचे पत्ते) शिकवतेय, माझ्याकडे रायडर-वेट नावाचा कॅट आहे, नोट्स मराठीतच काढायच्या असं ठरवलं आणि लगेच अडले. मेजर आर्कानाला (२२ खास चित्रांच्या पानांना) 'महारहस्य' लिहिलं तर ते फार जड वाटतं. चार सूटांपैकी (पत्त्यांच्या रंगांपैकी) वाँड्सना कांडी म्हणायचं का? आणि रिव्हर्स्डला (चित्र वरचं खाली आलेल्या पानाला) मी 'उलटं पान' लिहिलं तर तिने पान पालथंच ठेवलं, चित्र दिसेचना. चांगले शब्द सुचवा ना.

उत्तर :
ताई, घरी पत्ते खेळताना जे बोलतो तेच शब्द वापरून बघा, कारण टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळच, १५व्या शतकातला, उत्तर इटलीतला. भविष्य बघणं १८व्या शतकात फ्रान्समध्ये रूढ झालं. मेजर आर्कानाची जी २२ चित्रांची पानं आहेत, एक मूर्खाचं पान सोडता त्यांना इटालियनमध्ये त्रिओन्फी म्हणत, बाकीच्या पानांवर मात करणारी, आणि त्याच शब्दावरून इंग्रजीत ट्रम्प आला, म्हणजे आपला हुकूम. म्हणून 'हुकमाची पानं' म्हणा, अर्थही बरोबर आणि तोंडातही बसतं.

कांडी मात्र नको. पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रं नीट बघा (१९०९ साली लंडनला हा कॅट निघाला, नावात प्रकाशक रायडर आणि कॅटची कल्पना ज्यांची ते वेट आले पण ७८ च्या ७८ चित्रं जिने काढली तिचं नाव नाही, हे मला फार लागतं, म्हणून मी वेट-स्मिथ म्हणतो). त्यात वाँड म्हणजे पालवी फुटलेली चांगली माणसाएवढी काठी आहे. दहाच्या पानावर तर माणूस दहा काठ्या कवेत घेऊन वाकून चाललाय, मराठी माणूस ते बघून 'मोळी' म्हणेल आणि ओझ्याचा अर्थ आपोआप कळेल. जुन्या मार्सेय पद्धतीच्या कॅटमध्ये तिथे नुसत्या दहा काठ्या मांडलेल्या असतात, अर्थ पाठ करावा लागतो, शिकणाऱ्याला स्मिथबाईंचा कॅट सोपा जातो तो ह्यामुळेच.

बाकी पेले, तलवारी, आणि पेंटॅकल्सना नाणी (इटालियनमध्ये देनारी, नाणीच). पेजला हुजऱ्या, नाइटला स्वार. गुलाम नको, कारण इथे राजा-राणीखाली दोघं आहेत, म्हणून तर एका रंगात १४ पानं होतात.

आता उलटं. आमच्याकडे पाठ वर असली की पालथं, चित्र वर असलं की उताणं. उलटं दोन्हीकडे चालतं, घोळ तिथेच होतो. रिव्हर्स्डला 'डोकं खाली' लिहा, उदाहरणार्थ 'स्वार, डोकं खाली'.

प्रश्नकर्ती :
मोळी वाचून अंगावर काटा आला, आजी आणायची. पण सूटला 'रंग' म्हटलं की चित्राबद्दल लिहिताना पंचाईत होते हो, 'काठ्यांचा रंग' म्हणजे सूट की तपकिरी?

उत्तर :
खरंय, हे लक्षातच आलं नव्हतं. मग सूटपुरतं नुसतं 'काठ्या', 'पेले' असं अनेकवचन लिहा, आणि रंग शब्द चित्रासाठी ठेवा.

प्रश्नकर्ती :
हे जमेल. बहिणीने आत्ताच 'पेल्यांचा हुजऱ्या, डोकं खाली' असं लिहिलं, आणि पान बरोब्बर ठेवलं.