रंगपटातल्या चेहऱ्यांसाठी स्वस्त मॅन्युअल लेन्स: जुनी ५८ मिमी एफ २ की नवी ५० मिमी एफ १.२?

चर्चेचा प्रस्ताव (कुडाळहून)

माझ्याकडे सोनी ई माउंटचा (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा), क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरपेक्षा लहान), वापरलेला मिररलेस कॅमेरा आहे आणि लेन्ससाठी बाजूला काढलेले १५,००० रुपये आहेत. जत्रांच्या या हंगामात दशावताराच्या रंगपटात बसून कलाकारांचे चेहरे टिपायचे, एवढाच माझा उद्देश आहे. ज्यांनी रंगपट आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते की, देवळालगतच्या एखाद्या पडवीत किंवा कापडाच्या आडोशाला केलेली ती दाटीची जागा असते, वर एखादाच दिवा लटकत असतो, आणि प्रत्येक कलाकार आपल्या पेटाऱ्यासमोर मांडी घालून, एका हातात आरसा धरून स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवत असतो. सफेता, म्हणजे पांढरा रंग, लावून झाल्यावर तो काजळाची रेघ ओढायला घेतो तेव्हा पाच-दहा सेकंद तो चेहरा इतका स्थिर असतो की श्वाससुद्धा रोखलेला जाणवतो. हाताने फोकस करणाऱ्याला याहून चांगली संधी मिळणार नाही.

माझे मत असे की, या कामासाठी जुनी हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी, एफ २ ची सोव्हिएत लेन्स घ्यावी (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे आणि उजेड जास्त). ती युद्धापूर्वीच्या झाइस बायोटार ५८ मिमी एफ २ या रचनेवरून केलेली आहे आणि लाखोंच्या संख्येने निघाल्यामुळे आजही आवाक्यात मिळते. हेलिओससारखी एम ४२ या आट्यांच्या माउंटची लेन्स सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतरावर बसावी लागते. सोनी ई माउंटचे हे अंतर १८ मिमी आहे. म्हणजे मधल्या साडेसत्तावीस मिलिमीटरांची भर घालणारी, काच नसलेली साधी धातूची नळी (ॲडॅप्टर) पुरते आणि ती काही शे रुपयांत मिळते. क्रॉप सेन्सरवर ५८ मिमीची चौकट फुल फ्रेमवरच्या ८७ मिमीएवढी दिसते, जी चेहऱ्यासाठी वर्षानुवर्षे वापरात आहे.

यावर मतभेद असतील तर ते कारणांसह मांडावेत, ही विनंती.

रत्नागिरीहून

ताई, उद्देश इतका स्पष्टपणे मांडल्याबद्दल आभार, पण निष्कर्ष मला पटत नाही. तुमच्याच वर्णनात 'एखादाच दिवा' आहे, आणि तरीही तुम्ही एफ २ वर समाधान मानता आहात. आज टीटीआर्टिसनची क्रॉप सेन्सरसाठी केलेली ५० मिमी एफ १.२ ही पूर्ण मॅन्युअल लेन्स तुमच्या रकमेत नवी कोरी बसते. एफ २ आणि एफ १.२ यांतला फरक सुमारे दीड स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), एफ १.२ वर पावणेतीन पट उजेड आत येतो. जिथे हेलिओसला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० लागेल, तिथे या लेन्सला साधारण १२०० पुरेल. सफेता लावलेल्या गालावरची बोटांची पुसट खूण ३२०० च्या दाण्यात हरवते आणि १२०० ला टिकते, असा माझा अनुभव आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. जुन्या लेन्सच्या व्यवहारात आपल्याला विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. तीन वर्षांपूर्वी मी दूरच्या एका विक्रेत्याकडून 'काच स्वच्छ' असे लिहिलेली जुनी ८५ मिमी मागवली. आलेल्या लेन्समध्ये मागच्या काचेच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली होती. विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला आणि दुरुस्तीचा खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला. नवीन लेन्सला निदान पावती आणि बदलून मिळण्याची मुदत असते.

गुहागरहून

दोन्ही मते वाचली. वाद दिव्याच्या उजेडावर सुरू झाला आहे, पण आधी फोकसच्या खोलीचा हिशेब करावा असे मला वाटते, कारण हाताने फोकस करणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते.

क्रॉप सेन्सरवर ५० मिमी एफ १.२ ने एक मीटरवरून चेहरा टिपला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम २ सेंटिमीटरचा असतो. तीच चौकट ठेवण्यासाठी ५८ मिमी घेऊन जरा मागे सरकलो, तर एफ २ वर तो पट्टा सुमारे सव्वातीन सेंटिमीटरचा होतो. माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारण सहा सेंटिमीटरचे अंतर असते. कलाकार आरशाकडे तिरका बसलेला असेल आणि त्याचा चेहरा आपल्याकडून पंचेचाळीस अंशांत वळलेला असेल, तर जवळचा आणि लांबचा डोळा यांच्या खोलीत चार सेंटिमीटरांहून थोडा जास्त फरक पडतो. म्हणजे दोन्ही डोळे हवे असतील तर एफ १.२ सोडाच, एफ २ सुद्धा पुरत नाही. ५८ मिमीला एफ २.८ पर्यंत यावे लागते. मग एफ १.२ साठी पैसे कशाला मोजायचे?

माझी स्वतःची निवड निकॉन कंपनीची निकॉर १०५ मिमी एफ २.५ आहे. १९७१ पासून या लेन्सची आतली रचना बदलली आणि जवळच्या अंतरावर ती आणखी सुधारली. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये टिपलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जगप्रसिद्ध फोटो याच लेन्सचा आहे. मला माझी प्रत ११,००० रुपयांना मिळाली आणि तिची फोकस रिंग आजही लोण्यासारखी फिरते.

कुडाळहून (प्रस्ताव मांडणारी)

गुहागरच्या दादांचा हिशेब मला मोलाचा वाटतो आणि एफ २.८ चा मुद्दा मी मान्य करते. पण १०५ मिमी माझ्या क्रॉप सेन्सरवर साधारण १५७ मिमीसारखी दिसेल. डोके आणि खांदे चौकटीत घ्यायला मला अडीच मीटर मागे सरकावे लागेल, आणि रंगपटात अडीच मीटर मागे गेले तर माझ्या पाठीशी पखवाज असतो किंवा दुसऱ्या कलाकाराचा पेटारा असतो. पेटाऱ्याला पाय लागणे तिथे कोणालाही सहन होत नाही आणि ते योग्यच आहे, कारण त्याची पूजा केलेली असते. चेहऱ्याचे नाकडोळे प्रमाणात दिसणे हे लेन्सच्या लांबीपेक्षा आपण किती अंतरावर बसतो यावर ठरते, हे सगळ्यांना माहीत आहेच. मला एक मीटर ते सव्वा मीटरच मिळणार आहे. म्हणून लांबी ५० ते ५८ च्या दरम्यानच हवी. त्याबाबत तडजोड होऊ शकत नाही.

हर्णैहून

मी बंदरावरच्या लिलावाचे फोटो काढतो आणि मला हा सगळा वादच अनावश्यक वाटतो. सोनी कंपनीची स्वतःची ५० मिमी एफ १.८ ऑटोफोकस लेन्स वापरलेली मिळते. ती घ्यावी, हवी तेव्हा हाताने फोकस करावा, नको तेव्हा कॅमेऱ्याला करू द्यावा. मासळीच्या टोपल्या उचलणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर हाताने फोकस करायला गेलो तर मी रिकाम्या वाळूचे फोटो घेऊन घरी येईन.

गुहागरहून

लिलावासाठी आपले म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. तिथे मीही ऑटोफोकसच वापरीन. पण आजच्या बऱ्याच ऑटोफोकस लेन्समध्ये रिंग आणि काच यांचा थेट संबंधच नसतो; रिंग फक्त मोटरला इशारा देते. हळू फिरवली तर एक उत्तर, झटकन फिरवली तर वेगळे. जुन्या लेन्समध्ये पितळ आणि ॲल्युमिनियमचे आटे एकमेकांवर सरकतात, आणि मीटर-सव्वा मीटरच्या टप्प्यात रिंगला भरपूर वळसा असतो. बोटाला तो वळसा लक्षात राहतो. ज्याला हातानेच फोकस करायचा आहे, त्याने हातासाठी बनवलेली वस्तू घ्यावी.

अलिबागहून

मी गेली बारा वर्षे घरच्या घरी जुन्या लेन्स उघडून साफ करतो, म्हणून दोन्ही बाजूंना काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

रत्नागिरीच्या मित्राच्या बाबतीत झाले ते वाईट झाले, पण बुरशी जुनी-नवी पाहत नाही. हवेतला दमटपणा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर टिकून राहिला की ती कोणत्याही काचेवर धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो त्याच्या खाली क्वचितच येतो. माझ्याकडे गेल्या पावसाळ्यानंतर आलेल्या लेन्सपैकी एक जेमतेम दीड वर्षाची होती. मालकाने ती चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली होती, आणि चामडे ओल धरून ठेवते. हवाबंद झाकणाचा पारदर्शक डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा, काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राखावा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावे. तांदळात लेन्स पुरून ठेवण्याची पद्धत मात्र कृपया सोडून द्यावी; तांदळाची पूड रिंगेच्या आट्यांत जाते आणि ती मला काडीने कोरून काढावी लागते.

हेलिओस घेणाऱ्याने विक्रेत्याकडून एकच गोष्ट मागावी. छिद्र पूर्ण उघडून, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारून, पुढून काढलेला व्हिडिओ. सरळ प्रकाशात स्वच्छ दिसणारी काच तिरक्या प्रकाशात खरे बोलते. ४४-२ आणि नंतरच्या ४४एम यांतही गफलत करू नये. ४४एम-४ पासून पुढच्या प्रकारांत छिद्र हाताने बंद करण्याचा खटका नाही. तिथे मागची पिन दाबून धरणारा, आतून कड असलेला ॲडॅप्टर लागतो, नाहीतर लेन्स कायम पूर्ण उघडीच राहते. ४४-२ ला ही अडचण नाही.

आणखी एक बाब: हेलिओसची जी गरगरणारी पार्श्वभूमी लोकांना वेड लावते, ती मुख्यतः चौकटीच्या कडांना असते. क्रॉप सेन्सर काचेचा मधलाच भाग वापरतो, त्यामुळे ती बरीचशी कापली जाते. केवळ त्यासाठी कोणी ही लेन्स घेत असेल तर त्याची निराशा होईल.

रत्नागिरीहून

डब्याचा मुद्दा मान्य. माझी चूक विक्रेत्याची निवड ही होती आणि ती नव्या-जुन्याच्या वादात मी जरा जास्तच ताणली. परंतु उजेडाचा मुद्दा मी सोडत नाही. दोन्ही डोळे हवेत तेव्हा एफ २.८ करा, पण काजळ ओढणारा एकच डोळा हवा असेल तेव्हा एफ १.२ ची मुभा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच ती आहे. शिवाय दिवा चौकटीत आला तर हेलिओसचा सगळा फोटो दुधाळ होतो. नव्या काचेवरचे लेप ते बऱ्याच अंशी आवरतात.

कुडाळहून (प्रस्ताव मांडणारी)

आपल्या म्हणण्यातले बरेच खरे आहे. म्हणून मागच्या शनिवारी ओळखीच्या एका छायाचित्रकाराकडून दोन्ही लेन्स मागून घेतल्या आणि घरच्या पडवीत रंगपटासारखाच एक दिवा लावून माझ्या काकांना आरसा देऊन बसवले.

एफ १.२ वर पडद्यावरच्या फोकस पीकिंगच्या (स्पष्ट भागाच्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) लाल कडा भुवईवर, पापणीवर, नाकाच्या शेंड्यावर एकाच वेळी चमकत होत्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि वीसपैकी सहा फोटोंत डोळा नेमका आला. बाकीच्यांत भुवईचे केस मोजता येतील इतके स्पष्ट आणि बुबुळ मऊ. पीकिंग ही फरकाची कड दाखवते, फोकसचा नेमका बिंदू दाखवत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. मग चित्र मोठे करून, रिंग एकदा लावून ठेवून, स्वतःच कमरेतून किंचित पुढे-मागे होत पापणी टोकदार दिसली की बटण दाबायचे, असे केले. तेव्हा दोन्ही लेन्सचा निकाल सुधारला, पण हेलिओसचा जास्त. त्याचे एक कारण तिच्या दोन कड्यांत आहे: एकावर एफ २.८ ठरवून ठेवायचे, दुसरे मोकळे सोडायचे. पूर्ण उघड्या छिद्रावर फोकस करायचा आणि डोळा न हलवता कडे अडेपर्यंत फिरवायचे. टीटीआर्टिसनच्या रिंगेवर मला दर वेळी आकडा बघावा लागत होता.

दुधाळपणाची तक्रार खरी आहे. दिवा काकांच्या मागे आला तेव्हा हेलिओसने सगळे काळे राखाडी करून टाकले. तळहाताची सावली काचेवर धरली तेव्हा ते आटोक्यात आले, आणि ४९ मिमीचा रबरी हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारा आडोसा) फारसा महाग नाही.

मी हेलिओसच घेणार आहे. अलिबागच्या काकांनी सांगितलेला टॉर्चचा व्हिडिओ दोन विक्रेत्यांकडे मागितला आहे. एकाने तासाभरात पाठवला; दुसऱ्याने विचारले की त्याची काय गरज आहे. पहिल्याला उद्या पैसे पाठवते. १५,००० मधून जे उरतील त्यातून डबा, आर्द्रतामापक आणि हूड येईल.

रत्नागिरीहून

जत्रेला मी माझी एफ १.२ घेऊन येतो. एकाच कलाकाराचे, एकाच दिव्याखालचे, दोघांचे फोटो इथे शेजारी लावू. कलाकारांची परवानगी मात्र ते रंग लावायला बसण्याआधी घ्यावी लागेल. नंतर ते बोलत नाहीत.