भाताचं हार्मोन: संप्रेरक की संजीवक?

ऐरोलीकर: मुलीच्या कॉलेजच्या पोस्टरचं मराठी करतोय आणि 'हार्मोन सिग्नलिंग'वर गाडी अडलीय. तुडतुड्यांनी भातात व्हायरस सोडला की रोप जास्मोनेट नावाचं हार्मोन बनवतं, एरवी जाझ नावाची प्रथिनं बचावाच्या जीन्सवर ब्रेक दाबून बसलेली असतात, जास्मोनेट आलं की ती मोडीत निघतात, पण काही व्हायरस इतके वस्ताद की त्यांची प्रथिनं तो ब्रेकच घट्ट धरून ठेवतात. मी 'संप्रेरक संकेतन' लिहिलं तर बायको म्हणाली, हे वाचून तुडतुडेच पळतील.

शब्दवेडी: संप्रेरक चपखल आहे, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'चालना देणं'च. फक्त अंतःस्राव नको, रोपाला ग्रंथी कुठेयत?

मुरबाडचा भाचा: मामाला संप्रेरक म्हटलं तर विचारेल एकरी किती टाकायचं. दुकानात 'संजीवक' म्हणूनच मागतात.

शब्दवेडी: संजीवक? जास्मोनेट वाढलं की रोपाची वाढ उलट मंदावते! आणि जिबरेलिन या दुसऱ्या हार्मोनचं ऐका, १९२६ साली तैवानात जपानी शास्त्रज्ञ कुरोसावांनी दाखवलं की बुरशीच्या स्रावाने, म्हणजे त्यातल्या जिबरेलिनने, भाताची रोपं नुसती ताडमाड वाढतात, जपानीत त्या रोगाला 'खुळं रोप' म्हणतात. यात संजीवनी कुठली?

कळवा स्लो: आमच्या सोसायटीत थायरॉइडवाल्या सगळ्या काकू हार्मोनच म्हणतात. हार्मोन लिहा नि सुटा.

मुरबाडचा भाचा: खुजं राहिलेल्या भाताला आजी 'रुसलंय' म्हणायची.

कळवा स्लो: आम्ही पनवेलकडचे, भात रुसलेलं कधी ऐकलं नाही. जावई रुसतो.

मुरबाडचा भाचा: तुमच्याकडे भात उरलंय कुठे रुसायला, सगळे टॉवर. बाकी आजीचं चुकीचं नव्हतं, राईस ड्वार्फ व्हायरस रोपाचं जिबरेलिनच कमी करतो म्हणून ते खुजं राहतं.

ऐरोलीकर: आणि सिग्नलिंग? 'निरोप' चालेल?

शब्दवेडी: निरोप म्हटलं की सेंडऑफ वाटतो हल्ली. संदेशवहन करा.

बेलापूरचे अप्पा: जास्मोनेट म्हणजे जॅस्मिनच ना? मग मोगरेट म्हणा की :)

शब्दवेडी: अप्पा, मोगरा नाही, जाई. १९६२ साली जास्मिनम ग्रँडिफ्लोरमच्या सुगंधी तेलात सापडलं ते.

कळवा स्लो: ग्रँडिफ्लोरम म्हणजे चमेली. जाई वेगळी.

शब्दवेडी: चमेली हिंदीत! आपल्याकडे तीच जाई. नौपाड्यात आमच्या ग्रिलवर वीस वर्षं वेल आहे, मला नका सांगू.

ऐरोलीकर: अहो, उद्या सकाळी प्रिंटला द्यायचंय...

बेलापूरचे अप्पा: कळी मागून गुलाबी आहे का? फोटो टाका बघू.