सी विंगमागे घारीचं पिल्लू पडलंय

सुनंदा काकू (सी-201): पार्किंगमागच्या मोठ्या शिरीषाखाली घारीचं पिल्लू बसलंय. उडत नाहीये. कोणीतरी या लवकर.

प्रशांत (बी-504): अरेरे, आईविना असेल. ड्रॉपरने थोडं दूध पाजू का?

देशपांडे काका (सी-102): जवळ जाऊ नका. मी गेलो तर वरून घारीने डोक्यावर झडप घातली. टोपी उडाली.

मुग्धा (ए-602): प्रशांतदादा, दूध नको आणि पाणीही नको, प्लीज. चोचीत ओतलेलं पाणी श्वासनळीत गेलं तर पक्षी गुदमरून मरतो. दूध तर घारीचं खाणंच नाही.
काका, तुमच्यावर झडप घातली ही चांगलीच खूण आहे. आईबाप इथेच आहेत आणि पिल्लाला राखतायत. ते अनाथ नाही. घारीची पिल्लं सहा-सात आठवड्यांची झाली की घरट्यातून फांदीवर येतात, आणि उडायचा प्रयत्न करताना अशी खाली उतरतात. उडायला लागल्यावरही काही आठवडे आईबाप भरवतात. आपण ‘वाचवायला’ म्हणून घरात नेलं तर त्याची आई तुटेल.
काकू, लांबूनच बघा: दोन्ही पंख सारखे मिटलेत का? रक्त, मांजा काही दिसतं? पायावर उभं राहतंय?

सुनंदा काकू (सी-201): पंख सारखे आहेत. रक्त नाही. अंगभर पिसं आलीत, तपकिरी, पांढुरके ठिपके. उभं आहे पण चोच उघडी टाकून धापा टाकतंय.

मुग्धा (ए-602): पक्ष्यांना घाम येत नाही, उन्हात ते असंच करतात. आत्ता ऊन तिथे सरळ येतं ना? वॉचमनदादांना सांगा, लांबून छत्री धरून मांजरं-कुत्री हाकला. मी वनविभागाच्या 1926 वर फोन लावतेय.

शिर्के काका, सेक्रेटरी: हे दरवर्षीचं झालंय. गच्चीवर मुलं जातात, कोणाचा डोळा गेला तर? माणूस बोलावून घरटंच काढून टाकू.

मुग्धा (ए-602): काका, काळजी समजते, पण 1972 च्या वन्यजीव कायद्यात वन्यपक्ष्याच्या घरट्याला धक्का लावणंही ‘शिकार’ या व्याख्येत येतं. फांद्या छाटायलाही पालिकेची परवानगी लागते. आणि हा त्रास पिल्लं उडेपर्यंतच आहे. तोवर गच्ची बंद ठेवू, खालून जाताना छत्री घेऊ. मी स्वतः मुलांना सांगते.

प्रशांत (बी-504): ते उन्हात मरायला टेकलं तर? खोक्यात तरी ठेवू ना?

मुग्धा (ए-602): जखमी असतं तर नक्की. तेव्हा जाड टॉवेल डोक्यावरून टाकायचा, अंधार झाला की पक्षी शांत होतो. चोचीपेक्षा नख्या जपायच्या, पाय घट्ट धरायचे. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, खाली टॉवेल, झाकण बंद, खायला काहीही नाही. तारेचा पिंजरा नको, पिसं मोडतात आणि मोडक्या पिसांनी पक्षी उडू शकत नाही. आणि सेल्फी नको, तो ताण त्याला खरंच मारू शकतो.

_दीड तासाने_

मुग्धा (ए-602): वनविभागाने पाठवलेले स्वयंसेवक येऊन गेले. पंख, पाय तपासले, हाडं शाबूत आहेत. छातीचं हाड वर आलेलं नाही, म्हणजे पोटभर खातंय. शिडी लावून त्याच शिरीषाच्या सावलीतल्या फांदीवर ठेवलं. संध्याकाळपर्यंत आईबाप आले नाहीत तर वन्यजीव बचाव केंद्रात न्यायचं ठरलंय. कृपया खाली गर्दी करू नका.

सुनंदा काकू (सी-201): आली! नख्यांत काहीतरी घेऊन आली, फांदीवर बसून तुकडे करून भरवतेय. माझ्या खिडकीतून स्पष्ट दिसतंय. इतका वेळ जीव नुसता वर-खाली होत होता.

देशपांडे काका (सी-102): शाब्बास मुग्धा. वॉचमनच्या केबिनवर 1926 मोठ्या अक्षरात लावू या.

शिर्के काका, सेक्रेटरी: सी विंगची गच्ची आजपासून बंद, किल्ली माझ्याकडे. या आठवड्यातली टाकी सफाई पुढच्या महिन्यात ढकलतो. नोटीस लावतोय.