आईसाठी इलेक्ट्रिक व्हीलचेअर हवी आहे, डॉलीवूडचे चढ-उतार झेपतील अशी (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे अटलांटाला येताहेत. माझी लेक नऊ वर्षांची आहे आणि तिने एकच धोशा लावलाय, आजीला घेऊन डॉलीवूडला जायचं. टेनेसीत, स्मोकी माउंटन्सच्या पायथ्याशी पिजन फोर्ज नावाचं गाव आहे, तिथलं हे पार्क. आमच्या घरापासून गाडीने चारेक तास. ऑक्टोबरात तिथे संध्याकाळी भोपळ्यांची रोषणाई असते, झाडंही रंग बदललेली असतात. पार्क डोंगराच्या कुशीत आहे, त्यामुळे सपाट रस्ता असा फारसा नाहीच. आम्ही दोघं आणि लेक एकदा जाऊन आलोय. क्राफ्ट्समन्स व्हॅली या पार्कातल्या कारागिरांच्या भागातून वर जाताना माझ्याच पोटऱ्या भरून आल्या होत्या.

आईबद्दल सांगते. वय ७०, वजन ६२ किलो. तिसऱ्या वर्षी डाव्या पायाला पोलिओ झाला. जन्मभर काठी घेऊन सगळं केलं, शाळेत नोकरी केली, आम्हाला वाढवलं. गेल्या सात-आठ वर्षांत मात्र ताकद पुन्हा उतरायला लागली. पोलिओनंतर कित्येक दशकांनी असं होतं असं डॉक्टर म्हणाले, आणि दमेपर्यंत चालायला सक्त मनाई केली. घरातल्या घरात काठीने चालते. बाहेर पन्नास-साठ पावलांनंतर बसावं लागतं. डावा खांदा दुखरा आहे, उजवा हात उत्तम. कमरेत जोर कमी, म्हणून उतारावर ती खुर्चीत पुढे घसरते.

खुर्ची आणि चढ यांचं गणित मला फार वाईट रीतीने कळलं. गेल्या वर्षी आई इथे असताना दुसऱ्या एका पार्कसाठी आम्ही घडीची इलेक्ट्रिक व्हीलचेअर भाड्याने आणली होती. एका लांब चढावर मध्येच ती पिपाणीसारखी वाजली आणि थांबली. मला वाटलं बॅटरी संपली. ढकलत नेऊ म्हणून मी मोटरजवळचा लिव्हर फिरवला आणि त्याच क्षणी खुर्ची आईसकट मागे सुटली. नवरा मागेच होता, त्याने अंगावर झेलली. आईला काही लागलं नाही. पण त्यानंतरचे चार तास ती फाटकाजवळच्या बाकावर आमच्या पिशव्या सांभाळत बसून राहिली. "तुम्ही जा, मी इथं मजेत आहे." तेव्हापासून कुठेही जायचं म्हटलं की हेच वाक्य. यंदा मला ते ऐकायचं नाहीये.

पार्कात व्हीलचेअर आणि इलेक्ट्रिक स्कूटर भाड्याने मिळतात हे माहीत आहे. पण स्कूटरचं हँडल दोन्ही हातांनी धरावं लागतं, आईचा डावा खांदा दिवसभर ते सोसणार नाही. म्हणून उजव्या हाताला जॉयस्टिक असलेली खुर्चीच हवी. आणि ती विकतच घ्यायची असं ठरवलंय, कारण नंतर आई ती साताऱ्याला नेईल. आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे आहे, गल्लीलाच चांगला चढ आहे. देवळात, भाजीला, मैत्रिणीकडे तिला एकटीला जाता यावं.

माझे प्रश्न:

जाहिरातीत कुठे "१२ अंश चढते", कुठे "१२ टक्के" असं लिहितात. हे एकच का? एकीवर २० किलोमीटर रेंज लिहिली आहे, डोंगरात त्यातली किती उरेल? गेल्या वर्षी खुर्ची थांबली ती नक्की कशामुळे? आणि विमानातून नेताना बॅटरीचं काय करायचं?

गाडीत मला एकटीला उचलून ठेवता यायला हवी, म्हणून २५-२७ किलोच्या वर नको.

प्रतिसाद १

ताई, वाचून काळजात चर्र झालं. माझ्या नवऱ्याला मणक्याच्या दुखापतीमुळे अकरा वर्षं खुर्ची लागते, त्यामुळे आधी त्या लिव्हरबद्दल सांगते, कारण यात जीव जाऊ शकतो.

जॉयस्टिक सोडली की मोटरचा ब्रेक आपोआप लागतो. तो लिव्हर फिरवला की मोटर चाकापासून सुटते आणि हा ब्रेकही जातो. घाटात गाडी न्यूट्रलला टाकण्यासारखंच आहे ते. चढावर माणूस बसलेलं असताना लिव्हरला हात लावायचाच नाही. लावायची वेळ आलीच तर आधी खुर्ची रस्त्याला आडवी करून चाकाला दगड लावा, खाली एक माणूस उभा राहू दे, शक्य असेल तर आईंना उतरवा. खुर्ची आली की घरातल्या प्रत्येकाला हे दाखवा, लेकीलासुद्धा.

दुसरं, सगळे चढाचं विचारतात, उताराचं कुणी विचारत नाही. तुमच्या आईंना खरा त्रास उतारावर आहे. उतरताना जॉयस्टिक एकदम सोडली तर खुर्ची गचकन थांबते आणि कमरेत जोर नसलेला माणूस पुढे फेकला जातो. म्हणून कंबरेचा पट्टा हवाच, छातीचा नाही तरी चालेल. बैठक मागच्या बाजूला थोडी खोलगट असेल तर आणखी बरं. वेग सगळ्यात खालच्या टप्प्यावर ठेवून उतरायचं.

घडीच्या खुर्च्यांना बहुतेक वेळा मागच्या चाकांत मोटर असते. चढताना वजन मागे येतं, त्यामुळे पकड चांगली मिळते, पण मागे कलंडायची भीतीही तिथेच. मागे दोन छोटी आधाराची चाकं असतात, ती काढून टाकलेली खुर्ची घेऊ नका. काही दुकानदार "उंबऱ्याला अडतात" म्हणून काढून देतात. आणि चढताना पिशव्या पाठीच्या दांड्यावर कधीही लटकवू नका, बैठकीखाली ठेवा. मधल्या चाकांत मोटर असलेल्या खुर्च्या घरात जागच्या जागी वळतात, छान वाटतात, पण खोलगट जागी मधलं चाक अधांतरी राहून जागेवर फिरतं. डोंगरासाठी मला त्या आवडत नाहीत.

प्रतिसाद २

मी मोटर कंट्रोलरच्या (मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणाऱ्या यंत्राच्या) क्षेत्रात काम करतो, म्हणून आकड्यांचं उत्तर देतो.

अंश आणि टक्के एक नव्हेत. १२ टक्के म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १२ मीटर वर, आणि तो कोन होतो जेमतेम ७ अंश. उलट १२ अंश म्हणजे २१ टक्के. अमेरिकेत नियमाप्रमाणे बांधलेला रॅम्प जास्तीत जास्त १२ ला १ असतो, म्हणजे ८.३ टक्के, पाच अंशांच्या आतच. पण डोंगरातली पायवाट म्हणजे रॅम्प नव्हे, ती त्याहून खडी असू शकते. मी तुमच्या जागी असतो तर किमान १० अंश लेखी मागितले असते, आणि ते किती वजनाच्या माणसासाठी हेही विचारलं असतं.

आता रेंज. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या अंदाजाच्या उलट निघते. आई, खुर्ची, पिशवी मिळून ९५ किलो धरा. एवढं वजन १० मीटर उंच न्यायला निव्वळ ऊर्जा लागते ३ वॉट-अवरपेक्षा (बॅटरीतली ऊर्जा याच एककात मोजतात) कमी. मोटरमध्ये निम्मी वाया गेली तरी साडेपाच. २४ व्होल्ट १२ अँपिअर-अवरच्या बॅटरीत २८८ वॉट-अवर असतात. म्हणजे दिवसभरात १०० मीटर चढ झाला तरी त्यापायी पाचवा हिस्सा जाईल. छापलेली रेंज सपाट जागेवर, एका वेगाने मोजलेली असते. तुम्ही निम्मी धरा. २० ची १० झाली तरी पार्कातला दिवस निघेल.

मग गेल्या वर्षी खुर्ची का थांबली? बॅटरीमुळे नसावी. सपाटीवर खुर्चीला जेवढा जोर लागतो, त्याच्या पाच-सहा पट १० टक्के चढावर लागतो. तेवढा करंट लांब चढावर सतत ओढला की मोटर आणि कंट्रोलर तापतात, आणि जळू नये म्हणून कंट्रोलर स्वतःच बंद होतो. पाच-दहा मिनिटं थांबला असतात तर बहुधा पुन्हा सुरू झाली असती. तेव्हा खरेदी करताना रेंजपेक्षा मोटरची ताकद बघा. दोन मोटर प्रत्येकी २५० वॉटच्या आणि प्रत्येकी १५० वॉटच्या यांत डोंगरावर जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि चढ एका दमात चढू नका. जिथे सपाट टप्पा येईल तिथे थांबा, खुर्चीलाही दम खाऊ द्या.

आणखी एक. उतारावर बऱ्याच खुर्च्यांची मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरते. बॅटरी आधीच शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज जायला जागा नसते आणि काही कंट्रोलर बंद पडतात. हॉटेल टेकडीवर असेल तर सकाळी पूर्ण चार्ज करून थेट उतरणीला लागू नका, आधी थोडी सपाटीवर फिरवा.

विमानाचं: काढता येणारी लिथियम बॅटरी काढून केबिनमध्ये जवळ ठेवायची, खुर्ची सामानात जाते. एकच बॅटरी असेल तर ३०० वॉट-अवरपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की आकडा मिळतो. बॅटरीवर तो छापलेला हवा, स्टिकर पुसट असेल तर दुकानातच बदलून घ्या. विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा. आणि चार्जरवर "१००-२४०" लिहिलंय ना बघा. फक्त १२० व्होल्टचा चार्जर साताऱ्यात पहिल्या दिवशी जळेल.

प्रतिसाद ३

आम्ही सासऱ्यांना घेऊन डॉलीवूडला गेलो होतो. दोनच गोष्टी. आत गेल्यावर आधी राइड ॲक्सेसिबिलिटी सेंटरला जा. कुठल्या राइडमध्ये काय जमेल, खुर्चीतून किती पायऱ्या हे ते सांगतात. राइडच्या सीटवर कर्मचारी उचलून बसवत नाहीत, ते घरच्यांनी करायचं. म्हणून आईंना खुर्चीतून शेजारच्या खुर्चीवर सरकायची सवय घरीच करा.

दुसरं, आईंना फक्त राइडसाठी नेऊ नका. लोहार, मेणबत्त्यावाले, पिठाची चक्की, चक्कीवरचा गरम दालचिनीचा पाव, यात सासऱ्यांचे तीन तास गेले. जिच्या नावावरून पार्कचं नाव पडलं त्या गायिका डॉली पार्टनच्या लहानपणच्या दोन खोल्यांच्या घराची प्रतिकृती आहे, बारा भावंडं होती ती. सासरे त्या दारात बराच वेळ नुसते बघत थांबले. आणि पाऊस धरून चला. जॉयस्टिकवर घालायला जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड जवळ ठेवा. ओल्या पानांवर उतार असेल तर थांबा, वाट बघा, घाई नको.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. "पाच-दहा मिनिटं थांबला असतात तर" हे वाचून रात्री झोप लागली नाही. पण कळलं ते बरं झालं.

शनिवारी दुकानात जाऊन आले. एक खुर्ची २६ किलोची, दोन मोटर २५० वॉटच्या, बॅटरी २८८ वॉट-अवरची, काढता येणारी. कागदावर १० अंश, १२० किलोपर्यंत, असं लेखी दिलं. दुकानदाराला म्हटलं, मला ती चढावर नेऊन बघायची आहे. गाडीतून तांदळाच्या २० पौंडाच्या सात पिशव्या नेल्या होत्या, म्हणजे आईपेक्षा थोड्या जास्तच. त्या बैठकीवर पट्ट्याने बांधल्या आणि शेजारच्या पार्किंगच्या इमारतीचा रॅम्प खालून चौथ्या मजल्यापर्यंत सलग दोनदा चढवला, बाजूने चालत, जॉयस्टिक हातात धरून. नवरा मागे होता. मध्ये थांबवली, पुन्हा निघाली. मागे एक इंचही सरकली नाही. मोटरला हात लावून बघितला, कोमट होती. उतरताना पहिल्या वेळी जॉयस्टिक सोडली तेव्हा वरची पिशवी पट्ट्यातून निसटून खाली पडली. दुसऱ्यांदा सगळ्यात कमी वेगावर उतरवली, काही झालं नाही.

तेव्हा खुर्ची हीच घेतेय, पण पट्टा वेगळा हवा. यातला पोटावर सैल बसतो. आईला तो मांडीच्या वरच्या बाजूने, तिरका, कमरेच्या हाडावर बसायला हवा असं वाटतंय, आणि बक्कल उजव्या हाताने उघडता यायला हवं. प्रतिसाद १ वाल्या ताई, तुम्ही कुठल्या प्रकारचा वापरता? आणि तो खुर्चीच्या नळीला कुठे बांधायचा, बैठकीखाली की पाठीच्या सांध्याजवळ? आईचं विमान ४ तारखेला आहे.